काटा जागेवर, कंबर आत

पन्नाशी ओलांडली तरी माझं वजन वाढलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण या विषयावर बोलायला लागलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती किलो कमी झालं? चाळिशीत मी ६२ किलोची होते, चोपन्नाव्या वर्षीही ६२चीच. रोज चालायला जायचे, जेवण बेताचं, तळलेलं क्वचित. तरीही कमरेचा घेर ८६ सेंटीमीटरवर गेला होता. मांड्या बारीक आणि सैल झाल्या होत्या, खांदे पुढे आले होते आणि खाली बसून उठताना हात आपोआप गुडघ्यावर टेकत होता. जुने कपडे खांद्यात ढगळ आणि पोटावर घट्ट, असा विचित्र प्रकार.

उलगडा झाला तो हाडांच्या तपासणीत. पाळी थांबून काही वर्षं झाली होती, म्हणून डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारा क्ष-किरण स्कॅन, करायला सांगितला. हाडं थोडी विरळ निघाली. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, नव्हता, पण वाट तिकडेच जाणारी. त्याच यंत्रावर अंगात चरबी किती आणि बाकीचा ऐवज किती, हेही मोजता येतं. माझ्या ६२ किलोंपैकी ३८ टक्के चरबी होती. म्हणजे चौदा वर्षांत काट्याला पत्ता लागू न देता आत अदलाबदल झाली होती. स्नायू गेले, त्यांच्या वजनाइतकी चरबी आली. डॉक्टर म्हणाल्या, "चालणं सोडू नका. पण चालण्यातून तुमच्या हाडांना आता नवं काही कळत नाही. वजनं उचलायला लागा, आणि ती हलकी नकोत."

घरी येऊन मी बरंच वाचून काढलं. स्नायूंची झीज तिशीनंतरच सुरू होते. दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के, आणि साठीनंतर वेग वाढतो. ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर उतरते, कारण झटक्यात जोर लावणारे, जलद आकुंचन पावणारे तंतू आधी बारीक होतात. जिना चढताना दम लागण्याआधी मांड्या का भरून येतात, पाय घसरल्यावर सावरणं का जमत नाही, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे. वैद्यकात या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. अमेरिकेत २०१६ साली तिला आजारांच्या यादीत स्वतंत्र क्रमांक मिळाला, तोवर ती म्हातारपणाच्या खात्यातच जमा होती. बायकांच्या बाबतीत भर म्हणजे इस्ट्रोजेन उतरलं की चरबी साठण्याची जागाच बदलते. आधी मांड्या-कमरेखाली जाणारी चरबी पोटाकडे, अगदी आतड्यांभोवतीही जमायला लागते.

वाचताना एका समजुतीला मात्र सुरुंग लागला. 'वय झालं की मेटाबॉलिझम मंदावतो', म्हणजे शरीर ऊर्जा कमी खर्च करतं, हे आपण सगळेच येताजाता बोलतो. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यात २९ देशांतल्या ६,४००हून जास्त माणसांची मोजमापं होती, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत. शरीराचं आकारमान आणि त्यातले स्नायू हिशोबात धरले, तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास सपाट राहतो. साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्के घटतो. म्हणजे चाळिशी-पन्नाशीतल्या सुटलेल्या पोटाचं खापर ज्याच्यावर फुटतं, तो बिचारा तेव्हा आपलं काम चोख करत असतो. हलणं-उचलणं कमी होतं, स्नायू कमी होतात आणि ताट मात्र तेवढंच राहतं.

जिममध्ये पहिल्या दिवशी मला कुणी काही उचलू दिलं नाही. ट्रेनर मुलगा माझ्या लेकीच्या वयाचा. त्यानं आधी एक खुर्ची ओढली, हात छातीवर बांधायला लावले आणि पाच वेळा उठून बसायला सांगितलं. मोबाइलवर वेळ लावली. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली सार्कोपेनियासाठी ज्या सोप्या चाचण्या पक्क्या केल्या, त्यांतली ही एक. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पायांची ताकद कमी समजायची. मी पंधराच्या आत होते, पण काठावरच, आणि शेवटच्या दोन वेळा उठताना मान पुढे काढून झोका घेत होते. तेही त्यानं टिपलं.

मग त्यानं झाडूचा दांडा आणला. तो पाठीवर उभा धरायचा. एक हात मानेमागे, दुसरा कमरेच्या खोलगट जागी. दांडा तीन ठिकाणी टेकलेला हवा: डोक्याच्या मागे, दोन खवाट्यांच्या मध्ये आणि माकडहाडावर. आणि यातली एकही जागा न सुटता वाकायचं. ऐकायला काहीच वाटत नाही. मी वाकले की माकडहाडावरचा दांडा सुटे, कारण मी कमरेतून वाकत होते. ते सावरलं की मान वर होऊन डोकं सुटे. "मॅडम, वाकायचं नाहीये. हिप्स मागे. दोन्ही हात सामानानं भरलेत आणि मागचं दार ढकलून लावायचंय, असं." हे ऐकल्यावर एकदम जमलं. गुडघे किंचित सैल, खुबे मागे, पाठ सरळच्या सरळ खाली, आणि मांडीच्या मागच्या बाजूला अशी ताण बसली की तिथेही स्नायू असतात याची आठवण झाली. खाली पडलेली वस्तू उचलण्याची माझी आयुष्यभराची तऱ्हा त्या अर्ध्या तासात बदलली. डेडलिफ्ट म्हणजे एवढंच: ही हालचाल, फक्त हातात वजन घेऊन. नाव तेवढं भीतिदायक आहे.

सुरुवातीचे काही आठवडे दांडा, मग हातात एक केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा, मग वजनाच्या चकत्या न लावलेला रिकामा लोखंडी बार. बरोबर खुर्चीवर टेकून उठायचे स्क्वॉट, बेंचवर हात ठेवून तिरके पुशअप, डंबेल ओढायचे रोइंग, दोन्ही हातांत वजन घेऊन नुसतं चालणं. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पाऊण तास. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची सूचना तर आठवड्यातून किमान दोन दिवसांचीच आहे, तेव्हा हे काही अचाट नव्हे. दुसऱ्या दिवशी अंग दुखायचं आणि त्याच्या पुढच्या दिवशी जास्त. कमोडवर बसताना भिंत धरायची वेळ आली. असं दुखणं चोवीस तासांनंतर वाढतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. ते नव्या हालचालीचं असतं, त्याच हालचाली पुन्हा केल्या की फारसं दुखत नाही. काहींना ते दुखणं म्हणजेच व्यायाम झाल्याची पावती वाटते. मला तसं वाटत नाही. आता आठवडेच्या आठवडे काही दुखत नाही आणि वजनं तरीही वाढतात.

पहिल्या दोन महिन्यांत ताकद भराभर वाढली आणि आरशात काडीचाही फरक नव्हता. बहुतेक जण इथेच सोडतात, म्हणून हे नीट सांगायला हवं. सुरुवातीची वाढ स्नायूंची नसते, मज्जासंस्थेची असते. जे तंतू आहेत त्यांतले जास्तीत जास्त एकाच वेळी कामाला लावायला मेंदू शिकतो. स्नायूंची जाडी नंतर वाढते, आणि ती वाढायला दोन अटी. एक म्हणजे वजन थोडं थोडं वाढत राहायला हवं. दुसरी जेवणात आहे, तिच्याकडे येतेच.

वजन वाढवत नेण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली ती थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करातल्या डॉक्टरनं. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे पाय पुन्हा उभे करायचे होते. तोवर हलकं वजन आणि भरपूर आवर्तनं अशी रीत होती. त्यानं जड वजन, थोडी आवर्तनं आणि जमेल तसं वजन चढवत नेणं सुरू केलं, आणि १९४५ मध्ये ते छापलं. आज जिममध्ये दहा-दहाचे तीन सेट, म्हणजे दहा आवर्तनांच्या तीन फेऱ्या, मारणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचा हात आहे. माझा ट्रेनर याच गोष्टीवर अडून बसायचा. मला हलके गुलाबी डंबेल घेऊन पंचवीस वेळा हलवणं आवडायचं, घाम येतो, बरं वाटतं. तो म्हणायचा, "आणखी किती जमले असते?" मी म्हणायचे, "दहाएक." "मग वजन कमी आहे. दोन-तीनच शिल्लक राहतील इतकं घ्या." हलक्या वजनानंही स्नायू वाढतात, पण त्यासाठी अगदी दमेपर्यंत करावं लागतं. आणि हाडांसाठी तर मोठा भारच हवा.

हाडांचं म्हणजे माझ्या मूळ दुखण्याचं. ऑस्ट्रेलियात पाळी थांबलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या १०१ बायकांवर एक प्रयोग झाला होता, 'लिफ्टमोर' नावाचा, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, आठ महिने: डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर वजन ढकलणं आणि उडी मारून खाली आपटणं. वजन आपल्या कमाल क्षमतेच्या ८५ टक्क्यांहून जास्त. त्यांच्या मणक्यांची घनता जवळपास ३ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची सव्वा टक्का घटली. हे सगळं देखरेखीखाली चाललं होतं, हे विसरून चालणार नाही. घरात एकटीनं बघून-बघून करायचं हे काम नाही, निदान सुरुवातीला तरी.

आता जेवण. ट्रेनरनं मला एक आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहून काढायला लावलं. बदलायचं काही नाही, फक्त लिहायचं. बेरीज केली तर दिवसाला प्रोटीन चाळीस ग्रॅमच्या आसपास येत होतं, तेही बरंचसं रात्रीच्या जेवणात. सकाळी पाच-सहा ग्रॅम. वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम हा जो सर्वत्र छापलेला आकडा आहे, तो तुटवडा होऊ नये म्हणून ठरवलेला आहे. मी त्याच्याही खाली होते. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं ६५च्या पुढच्यांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवलं, व्यायाम करणाऱ्यांसाठी आणखी वर. १.६च्या पुढे मात्र स्नायूंना फारसा जादा फायदा दिसत नाही. मी १.२ धरलं, म्हणजे दिवसाला ७५ ग्रॅम. ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत त्यांनी हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये.

७५ ग्रॅम हे बोलायला सोपं. एका अंड्यात सहा ग्रॅम, कपभर दुधात सहा-सात, वाटीभर पातळ डाळीत पाच-सहा. मांसाहार करणाऱ्यांचं काम सोपं, शंभर ग्रॅम शिजवलेल्या चिकनमध्येच तीसच्या आसपास मिळतं. आणि गंमत म्हणजे एकूण बेरजेइतकीच वाटणीही महत्त्वाची. विशीतल्या स्नायूला थोडंसं प्रोटीन मिळालं की तो बांधकाम सुरू करतो. वय झालेला स्नायू थोडक्यात जागा होत नाही, त्याला एका वेळी २५-३० ग्रॅम लागतं. म्हणून सकाळ कोरडी आणि रात्र भरगच्च ही सवय मला मोडावी लागली. सकाळी दोन अंडी, दूध आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. दुपारी डाळ घट्ट, तीही वाटीऐवजी वाडगाभर, आणि बरोबर पाणी निथळवलेलं दही. रात्री सोयाबीन किंवा मासे. पहिले पंधरा दिवस पोट जड वाटायचं. नंतर लक्षात आलं की संध्याकाळी चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकण्याची जी तलफ होती, ती न सांगता निघून गेली. प्रोटीननं पोट धरून राहतं, त्याचा हा आयता फायदा.

नुसतं प्रोटीन खाऊन मात्र काहीही होत नाही, आणि हे मला फार आवडलेल्या एका जुन्या अभ्यासात स्वच्छ दिसतं. मारिया फियाटारोन या डॉक्टरनं १९९० मध्ये वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा जड व्यायाम करायला लावला. सरासरी वय नव्वद! त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी. मग १९९४ मध्ये तिनं शंभर जणांवर मोठा प्रयोग केला. काहींना व्यायाम, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. नुसतं पेय पिणाऱ्यांच्या अशक्तपणात काही फरक पडला नाही. बाजारातल्या 'वृद्धांसाठी खास' डब्यांच्या जाहिराती पाहिल्या की मला हे शंभर जण आठवतात. वजन उचलल्यावर स्नायूला कामाचा आदेश मिळतो, अन्न हा माल आहे. आदेशच नसेल तर माल पडून राहतो, चरबी म्हणून.

पोट कमी करायचं तर थोडं कमी खावंच लागतं, यातून सुटका नाही. पण किती कमी, यावर माझं ठाम मत आहे. व्यायामाशिवाय नुसती उपासमार केली तर उतरलेल्या वजनातला साधारण पाव भाग स्नायूंसारख्या चरबीविरहित ऐवजातून जातो. विशीत तो भरून येतो. साठीच्या तोंडावर गेलेला परत मिळवायला घाम गाळावा लागतो, आणि वजन पुन्हा वाढलंच तर चरबीच आधी परत येते. माझ्या एका मावसबहिणीनं काही महिन्यांत बारा किलो उतरवले, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि आता तिला दोन मजले चढायला कठडा लागतो. मी रोजच्या खाण्यातून दोनशे-अडीचशे कॅलरी कमी केल्या. धान्याचं दुसरं वाढप आणि गोडातला अर्धा भाग, बस्स. काही महिन्यांनी तेही थांबवलं, कारण डेडलिफ्ट अडकली होती, झोप उडत होती आणि चिडचिड वाढली होती. पोटभर खायला लागल्यावर पुढच्या पंधरवड्यातच वजन चढलं. बारवरचं, माझं नव्हे.

आरशात फरक दिसायला अर्धं वर्ष गेलं. आधी पाठ. खांदे मागे गेले आणि मान लांब झाल्यासारखी दिसायला लागली. लोक विचारायचे, "बारीक झालीस का?" काटा पाऊण किलोच खाली होता. मग मांड्यांना आणि कुल्ल्यांना पुन्हा आकार आला, आणि त्यामुळे कंबर आत गेल्यासारखी दिसू लागली. नंतर ती खरोखरच आत गेली. दीड वर्षानं पुन्हा स्कॅन केला तेव्हा चरबी तीन किलोनं कमी, चरबीविरहित भाग दीड किलोनं जास्त. काट्यावर ६०.५, कंबर ८१. चरबी ३८ वरून ३४ टक्क्यांवर. आकडे असे कागदावर पाहिले तर किरकोळच. दीड वर्षात दीड किलो! पण तो दीड किलो खांद्यावर, पाठीवर, मांड्यांवर बसला आणि ते तीन किलो बरेचसे पोटावरून गेले. सगळा दिसण्यातला फरक त्या जागांचा आहे.

'स्नायू चरबीपेक्षा जड असतात' असं जे म्हणतात, त्यात तथ्य थोडं आणि अतिशयोक्ती फार. किलो तो किलोच. तेवढ्याच वजनाची चरबी स्नायूपेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त जागा घेते, इतकंच. इंटरनेटवर चरबीचा भलामोठा पिवळा गोळा आणि शेजारी मुठीएवढा लाल स्नायू ठेवलेली चित्रं असतात, ती थापा आहेत. तसंच 'स्नायू वाढवले की झोपेतही चरबी जळते'. किलोभर स्नायू आरामात दिवसाला सुमारे १३ कॅलरी खर्च करतो. माझ्या दीड किलोचे झाले वीस. एका बिस्किटाचीही भरपाई होत नाही. पोटावरची चरबी पोटाच्या व्यायामानं जात नाही, हेही जाता जाता. ती कुठून आधी निघणार हे आपल्या हातात नसतं.

काही गोष्टी बदलल्या नाहीत. दंडाच्या आतली सैल कातडी तशीच आहे. तिच्याखाली आता स्नायू आहे, पण हात हलवला की कातडी हलतेच. बेंबीखालची बाळंतपणाची कातडी, गळ्यावरच्या रेघा, गुडघ्यांवरच्या सुरकुत्या यांना बारबेलशी काही देणंघेणं नाही. पंचविशीतली फिगर परत येते असं सांगणारा माणूस काहीतरी विकत असतो. येते ती पंचावन्नची, पण ताठ आणि भरीव.

मध्ये तापानं आठवड्याहून जास्त दिवस अंथरुणात काढले. उठले तेव्हा पँट मांडीवर सैल झाली होती. २००७ मधल्या एका अभ्यासात निरोगी वयस्कांना दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं, तर पायांतला जवळपास एक किलो ऐवज गेला होता. त्यामुळे धक्का बसला नाही, पण धास्ती बसली. परत गेल्यावर ट्रेनरनं निम्म्या वजनापासून सुरू केलं आणि महिन्याभरात मी पूर्वीच्या जागी होते. पहिल्यांदा जिथे पोहोचायला सहा महिने लागले, तिथे चार आठवड्यांत. एकदा कमावलेला स्नायू लवकर परत येतो, हा अनुभव जिममधल्या सगळ्यांनाच आहे.

माझं बघून नवरा आला, एकसष्टाव्या वर्षी. त्याचं शरीर उलट प्रकारचं, पोट पुढे आणि हातपाय काटकुळे. पुरुषांचे स्नायू किलोंमध्ये जास्त वाढतात, पण सुरुवात जिथून केली त्याच्या टक्केवारीत पाहिलं तर बायका फारशा मागे नसतात. हे मी त्याला अधूनमधून ऐकवते. त्याला रक्तदाबाचा त्रास आहे, आणि जोर लावताना श्वास कोंडून धरायची सवय. श्वास कोंडून जड वजन उचललं की दाब त्या क्षणी फार वर उसळतो. म्हणून त्याला आधी डॉक्टरांची परवानगी आणायला लावली, मग उचलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा, हे घोकून घेतलं. आता तो इतक्या मोठ्यानं फुस्स करतो की शेजारच्या बेंचवरचे वळून बघतात.

त्याला चार्ल्स युगस्टर फार आवडतो. हा दंतवैद्य ८७व्या वर्षी बॉडीबिल्डिंगकडे वळला आणि पंच्याण्णवीत धावण्याचे विक्रम करून २०१७ मध्ये गेला. मला अर्नेस्टीन शेफर्ड जवळची वाटते. ती ५६व्या वर्षी पहिल्यांदा व्यायामाला लागली आणि २०१० मध्ये सर्वांत ज्येष्ठ स्पर्धक महिला बॉडीबिल्डर म्हणून गिनीजमध्ये गेली. पण खरं सांगायचं तर असे व्हिडिओ मला कोणी पाठवले की मी फारसे बघत नाही. त्यांचे दंड बघून उत्साह येण्याऐवजी 'हे आपलं काम नाही' असंच पटकन वाटतं. त्यापेक्षा फियाटारोनच्या वृद्धाश्रमातले ते नव्वदीचे दहा जण बरे. त्यांचा एकही फोटो माझ्यापाशी नाही आणि ते बहुधा तसे दिसतही नसतील. त्यांतले काही जण काठी सोडून चालायला लागले होते.

हाडांचा नवा आकडा: मणके जागेवर, खुब्याची घनता जराशी वर. डॉक्टरांना 'जागेवर' हेच पुष्कळ वाटलं, कारण या वयात ती दरवर्षी घटायला हवी होती. डेडलिफ्ट आता माझ्या स्वतःच्या वजनाइतकी होते, पाचांचे तीन सेट. खुर्चीवरून पाच वेळा उठायला नऊ सेकंद पुरतात. सध्या ट्रेनरनं तोल सांभाळण्याचे व्यायाम जोडले आहेत, कारण ६५च्या पुढच्यांना आठवड्यातून तीनदा तेही सांगितलेले आहेत आणि आत्तापासून सवय असलेली बरी. घरी एका पायावर उभं राहून दात घासायचे, वरचे दात डाव्या पायावर, खालचे उजव्या. नवरा भिंतीला हात लावतो आणि लावला नाही म्हणतो.